वाकडीचा आवाज

दादाला ताप यायचा तो तालमीच्या दिवशीच. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, कारण तो लगेच येत नसे. दुपारी आमची तालीम संपली की संध्याकाळपर्यंत माणूस ठणठणीत असायचा, आमच्याबरोबर वाजवणाऱ्या जुळ्या भावांची टिंगल करायचा, शीळ घालत जिना उतरायचा. घरी जेवायला बसला की मात्र दात वाजायला लागायचे. मग वहिनीचा फोन यायचा. "आज पुन्हा," एवढंच ती म्हणायची.

मी धावत जायची, दोनच घरं सोडून तर राहते. दादा दोन रजया अंगावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून कुडकुडत पडलेला असायचा, आणि सकाळी पाहावं तर दाढी करून तयार. विचारलं की म्हणायचा, "अगं बारके, वय झालं आता." वय झालं म्हणे! पन्नाशी कालपरवा उलटली होती त्याची. आमचे जुळे त्याच्याहून मोठे, आणि ते अजून एकमेकांच्या ताटातलं पळवून खातात.

आम्ही चौघं जुनं संगीत वाजवतो. जुनं म्हणजे आजोबांच्या काळचं नव्हे, चारशे वर्षांपूर्वीचं, आणि तेही त्या काळी होती तसल्याच वाद्यांवर. सगळी फुंकायची. जुळे भाऊ ट्रॉम्बोन वाजवतात, पण लग्नाच्या बँडमधले दणदणीत नव्हेत, अरुंद गळ्याचे आणि हळू बोलणारे. माझ्याकडे लाकडाची जाडजूड, खांद्यापर्यंत येणारी नळी आहे. तिला सगळे खांब म्हणतात आणि म्हणून मला खांबवाली. दादाकडे वाकडी. हातभर लांब, किंचित वळलेली, बाहेरून काळं चामडं चढवलेली लाकडी नळी, आणि तोंडाशी अंगठ्याच्या नखाएवढा प्याला. आमची बाकीची वाद्यं जुन्या आराखड्यांवरून हल्ली घडवलेली. वाकडी मात्र खरोखरच त्या काळातली.

ती संग्रहालयाच्या काचेत पिढ्यान्‌पिढ्या मुकी पडून होती. संग्रहालयाच्या बाईंनी ती दादाला वाजवायला दिली तेव्हा एक एक बोट मोडत अटी सांगितल्या. पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही, आत काहीही घालायचं नाही. लाकूड इतकं जुनं की जरा काही झालं तर उभं तडकेल. दादानं या अटी त्यांना हव्या होत्या त्याहून दसपट पाळल्या. आम्ही बाकीचे वाजवून झालं की आतून फडकं फिरवतो, नाहीतर फुंकरीची ओल आत राहते. दादा वाकडीला तेवढंही करू देत नसे. वाजवायची आणि तशीच पेटीत ठेवायची. "तिचं तिला वाळू दे," म्हणायचा.

आणि आवाज! त्यानं पहिल्यांदा ती फुंकली तेव्हा आम्ही तिघांनी आपापली वाद्यं खाली ठेवली. नव्या वाकड्या नळ्या स्वच्छ आणि पातळ वाजतात. ही तशी नव्हती. हिचा आवाज झाकलेला, जरासा घोगरा, नुकतंच झोपेतून उठलेलं माणूस तुम्हाला काही खाजगी सांगायला लागावं तसा. त्याआधी वीस वर्षं आम्ही वाजवत होतो आणि पुढच्या रांगेत वहिनी, जुळ्यांच्या बायका आणि पाऊस आला म्हणून आत शिरलेली चार माणसं असायची. वाकडी आली आणि सभागृहं भरायला लागली. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे. वर्तमानपत्रांत दादाचे फोटो आले आणि त्यानं नवा कोट शिवून घेतला.

आमच्यात कुणी हात हलवून ताल देत नाही. सगळे दादाच्या श्वासावर सुरू होतात. तो वाकडी ओठांशी नेतो, नाकातोंडातून एक मोठा श्वास घेतो, आणि त्या श्वासाचा वेग म्हणजेच पुढच्या वादनाचा वेग. श्वास जिथे संपतो तिथे चौघांचा पहिला सूर. याला आम्ही 'श्वास देणं' म्हणतो. इतक्या वर्षांत हे अंगात असं मुरलंय की दादा नुसता शिंकायच्या आधी हवा ओढायला लागला तरी जुळ्यांचे ओठ प्याल्याला चिकटतात.

मी त्याच्या डाव्या हाताला बसते. म्हणून मलाच ते आधी ऐकू आलं. श्वासाच्या अगदी शेवटी, छाती पूर्ण भरताना, एक बारीक चरचर. बुटाची चिकटपट्टी कुणीतरी हळूच सोलावी तशी. मला वाटलं खुर्ची वाजली. पुढच्या श्वासाला पुन्हा. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. त्यालाही ऐकू येत होतं तर. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी घाबरले.

मग मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले. आमची तालमीची खोली एका छापखान्याच्या वर आहे, चढायला भरपूर जिना. हल्ली दर वळणावर त्याच्या बुटाची नाडी सुटायची. वाकून तो ती इतका वेळ बांधायचा की जुळे वर पोचून खुर्च्या मांडूनही मोकळे व्हायचे. मी मागे उभी राहून त्याची पाठ वरखाली होताना बघायची.

हिवाळ्यात संग्रहालयानं वाकडी बाहेरच्या चामड्याच्या तपासणीसाठी परत नेली. तेवढे दिवस दादा त्याच्या जुन्या, साध्या नळीवर तालीम करत होता. तोंड वाकडं करूनच, पण करत होता. आणि ताप नाही! तालमीचे दिवस तेच, जिना तोच, छापखान्याच्या शाईचा वास तोच, पण वहिनीचा फोन नाही. नाडीसुद्धा सुटेनाशी झाली. वाकडी परत आली त्या दिवशी दादा लहान पोरासारखा खूश होता. आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"आज पुन्हा," वहिनी म्हणाली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

छातीच्या डॉक्टरांकडे मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. त्यांनी यंत्रावर छातीचे फोटो काढले, बराच वेळ बघितले आणि विचारलं, "कबुतरं पाळता का?"

"नाही," दादा म्हणाला.

"धान्याच्या गोदामात काम? घरात कुठे ओल, बुरशी?"

"छे. मी संगीत शिकवतो. थोडं वाजवतो."

"काय वाजवता?"

"असंच आपलं. बासरीसारखं काहीतरी."

बासरीसारखं काहीतरी! माझं टाळकंच सरकलं. "डॉक्टर, तो चारशे वर्षांची लाकडी नळी वाजवतो. ती कधी धूत नाही, पुसत नाही, ओली तशीच पेटीत ठेवतो, आणि वाजवली की ताप येतो!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते इतक्या हळू आवाजात बोलले की मला जास्तच भीती वाटली. नळीत बुरशी धरलेली असणार. वाजवताना मधेमधे जो चोरटा श्वास घ्यावा लागतो त्याबरोबर तिची धूळ छातीत जाते. छाती तिच्याशी भांडते, तोच हा ताप. "ताप उतरतो," ते म्हणाले, "पण दर वेळी फुप्फुसावर एक व्रण राहतो. व्रण पडला तेवढी जागा पुन्हा हवा घेत नाही. आज थांबलात तर उरलंय ते टिकेल. नाही थांबलात, तर कुठल्या तापानंतर श्वास पुरेनासा होईल ते मी सांगू शकत नाही. पुढचासुद्धा असेल."

रस्त्यावर आल्यावर दादा म्हणाला, "कार्यक्रम झाला की परत देतो."

"कुठला कार्यक्रम? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. बहिरा नाही मी." तो चालत राहिला. "संग्रहालयाचं मोठं सभागृह आहे, बारके. वाकडीचं चित्र लागलंय शहरभर. तो एक होऊ दे."

शहरभर खरंच चित्र होतं. बसच्या थांब्यावर, दुकानांच्या काचांवर. काळी वाकडी, खाली दादाचे हात, आणि माणूस म्हणून बाकी काही नाही. आधी ते बघून मला अभिमान वाटायचा. आता मी पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागले.

वहिनी पडदे शिवते, मोठमोठे, सभागृहांचे. कमी बोलते, पण एकदा ठरवलं की मागे हटत नाही. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं. तिनं शिलाई मशीन थांबवलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "तो दुपारी शाळेत शिकवायला जातो तेव्हा पेटी घरीच असते."

दुसऱ्याच दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात, दार लावून, चोरट्यांसारख्या. मी वाकडी उजेडाकडे धरली आणि एका टोकातून बॅटरी मारली. आतून लाकूड दिसायला हवं होतं. लाकूड नव्हतंच. करडं, मऊ अस्तर होतं, लोकरीच्या मोज्यासारखं, थेट वरपर्यंत. वहिनीनं एकदा डोळा लावला आणि झटकन मागे झाली.

"हे तो आत ओढत होता?"

आम्ही तोंडाला फडकी बांधली. बाहेरचं चामडं भिजू नये म्हणून वहिनीनं त्यावर मेणकापड घट्ट गुंडाळलं. मी कोमट पाण्यात स्पिरिट घालून ते थोडं थोडं आत सोडलं आणि बाटल्या धुवायचा लांब ब्रश फिरवला. ब्रश दोनदा हातातून निसटला. लाकूड आतल्या आत कुरकुरल्यासारखं झालं की मी ब्रश जागीच थांबवायची. तडकली तर आम्ही काय तोंड दाखवणार होतो? बेसिनमध्ये करडे-हिरवे गोळे पडत होते आणि बंद ट्रंकेचा वास सुटला होता. मग वहिनीनं नाडी ओवायच्या लांब सुईला फडकं बांधून ते आतून ओढलं, पुन्हा पुन्हा, फडकं पांढरं येईपर्यंत. वाकडी तडकली नाही. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि वेड्यासारख्या हसलो.

पुढच्या तालमीला दादानं श्वास दिला, आम्ही सुरू झालो आणि चार सुरांत तो थांबला. आम्हीही थांबलो. त्यानं वाकडी ओठांपासून काढली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा लावली आणि एकटाच एक सूर धरला. स्वच्छ, पातळ, सरळ सूर. दुकानातून आज आणलेल्या नळीचा असावा तसा.

"वा," थोरला जुळा म्हणाला, "किती..."

"...मोकळी वाजतेय!" धाकट्यानं वाक्य पुरं केलं. या दोघांना काही कळत नाही आणि तेच त्यांचं सुख आहे.

मी खांबाच्या पट्ट्याशी उगाच चाळा करत बसले. आता तो विचारेल, आता ओरडेल, म्हणून माझे कान तापले होते. तो काहीच बोलला नाही. "चला, पुन्हा," म्हणाला, श्वास दिला आणि पूर्ण तालीम वाजवली. व्यवस्थित वाजवली. वीस वर्षं वाजवायचा तशीच. मला मात्र त्याच्या ओरडण्याची जेवढी भीती होती त्याहून जास्त त्या गप्प बसण्याची वाटली.

ताप आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यात नाही. वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. ती मला जिन्यात भेटली की नुसती हात दाबायची. मीही स्वतःला समजावलं की पठ्ठ्यानं मनातल्या मनात मान्य केलं असेल, पुरुष माणूस, कबूल कसं करणार! रात्री झोप लागायला लागली होती.

आणि मग एका तालमीत मला ते ऐकू आलं. एका लांबलेल्या सुराच्या कडेला, किंचित घोगरं काहीतरी. मी खांब वाजवता वाजवता अंगभर शहारले. दादानं सूर संपवला आणि त्याचे डोळे चमकत होते.

"येतंय परत," तो म्हणाला. "थोडा धीर धरायला हवा, बस."

मी तालमीनंतर थेट त्याच्या घरी गेले. तो जुळ्यांबरोबर कॉफी प्यायला मागे राहिला होता. पेटी घरीच होती आणि रिकामी, म्हणजे वाकडी दुसऱ्या कशात तरी घालून आणत-नेत होता. मी त्याच्या खोलीत शोधलं. कोपऱ्यातल्या कपाटात गरम पाण्याचा पाइप जातो, तिथे वहिनी हिवाळ्याचे कपडे ठेवते. कपड्यांच्या मागे मऊ पिशवी मिळाली, बाहेरून कोमट. पिशवीत ओला टॉवेल, टॉवेलमध्ये एक मोठा डबा, झाकण लावलेला. तो उघडल्याबरोबर बंद ट्रंकेचा तो वास आला. डब्यात पावाचे भिजवलेले तुकडे होते, हिरवे पडलेले, केसाळ. पाव तो तिथे मुद्दाम नासवत होता. आणि डब्यात नळीत फिरवायचा माझाच जुना ब्रश होता, त्याचे केस हिरवे.

"ठेव ते," दादा दारातून म्हणाला.

तो कधी आला ते कळलंच नाही. वाकडी त्याच्या कोटाच्या आत होती. जिना चढून आला होता, चौकटीला धरून उभा होता, आणि ती चरचर आता श्वासाच्या शेवटी नाही, अर्ध्यावरच ऐकू येत होती.

"तू धुतलीस ते मला पहिल्या सुरालाच कळलं," तो म्हणाला. "रागावलो नाही मी. तुझ्या जागी असतो तर मीही धुतली असती."

"दादा, हे काय करतोयस? विष आहे ते!"

"मला ठाऊक आहे काय आहे ते." तो खुर्चीत बसला. "एक विचारू? खरं सांगशील? धुतल्यावर मी कसा वाजवत होतो?"

"चांगला," मी म्हणाले.

"चांगला." तो हसला, आणि हसण्यातून खोकला निघाला. "वीस वर्षं मी चांगलाच वाजवत होतो, बारके. कोण आलं ऐकायला? लोक रडायचे ते त्या घाणीला. मला वाटायचं, माझा हात बसला, माझा सूर पिकला. तू धुतलीस आणि माझं पितळ उघडं पडलं."

"लागलाय पितळाच्या मागे! तुझी फुप्फुसं चाललीत!" मला रडू फुटलं. "मला भीती वाटते रे. तू श्वास देतोस तेव्हा हा शेवटचा तर नाही ना, असं वाटतं. दर वेळी."

"भीती मलाही वाटते," तो म्हणाला. "पण पुन्हा नुसतं चांगलं वाजवण्याची त्याहून जास्त वाटते."

मी डबा उचलून कचऱ्यात टाकला आणि त्यानं अडवलं नाही. त्याला गरज उरली नव्हती. काम झालं होतं.

मी संग्रहालयात फोन केला आणि बाईंना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाण्यानं धुतलीत? कुणाच्या परवानगीनं?" मी म्हटलं, माझा भाऊ मरेल. त्या म्हणाल्या, तिकिटं संपलीत, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी वाकडी ताब्यात घेऊ आणि चौकशी करू. वहिनी त्याच्यापुढे हात जोडून रडली, तेव्हा त्यानंही तेच वचन दिलं. कार्यक्रम झाला की परत. वहिनीनं विश्वास ठेवला, कारण दुसरं काय ठेवणार? वाकडी तो उशाला घेऊन झोपत होता. ताप परत आला होता, आणि आता तो सकाळी उतरत नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह वरच्या मजल्यापर्यंत भरलं होतं. वहिनी पुढच्या रांगेत होती, तिनंच शिवलेल्या पडद्यासमोर. दादा नव्या कोटात छान दिसत होता, पण गालांवर दोन लाल ठिपके होते. आम्ही बसलो. टाळ्या थांबल्या. कुणीतरी खोकलं आणि तेही थांबलं.

दादानं वाकडी ओठांशी नेली आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. चरचर सुरू झाली, श्वास अर्ध्यावर अडला आणि त्यानं तो खोकला होण्याआधी गिळला. लोकांना वाटलं, कलाकार एकाग्र होतोय. त्यानं पुन्हा घेतला. या वेळी अर्धाही गेला नाही. जुळे प्याल्यांना ओठ लावून थिजल्यासारखे बसले होते. अर्ध्या श्वासावर कुणी सुरू होऊ शकत नाही.

दादा माझ्याकडे वळला. वाजवायच्या आधी तो इतक्या वर्षांत कधी वळला नव्हता.

"बारके," तो ओठ न हलवता म्हणाला, "श्वास तू दे."

जुळ्यांनी ते ऐकलं आणि दोघांच्या माना एकदम माझ्याकडे फिरल्या. आता श्वास माझा होता. मी दिला तर ते सुरू होणार, आणि दादा त्या छातीनं त्या नळीतलं ओढत शेवटपर्यंत वाजवणार. नाही दिला तर कुणी सुरू होणार नाही. इतकं सोपं होतं. उठून जावं, ओरडावं, काही सुचलं नाही. खांब पट्ट्यानं अंगाला बांधलेला, समोर एवढी माणसं, आणि माझ्या हातात अडवायला ही एकच गोष्ट होती. मी नुकताच श्वास सोडला होता. नवा घेतलाच नाही.

मी तोंड मिटून घेतलं आणि दादाकडे बघितलं. नाही, असं डोळ्यांनी म्हणाले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. वहिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते, तिला कळलं होतं मी काय करतेय. मी फुंकर मारणारी बाई आहे, मला दम पुष्कळ आहे, असं स्वतःला सांगत राहिले. पण छाती रिकामी होती. कानांत रक्त धडधडायला लागलं. आधी गळा दुखला, मग बरगड्या. दादाच्या डोळ्यांत आधी राग आला, मग विनवणी. मग तीही गेली, आणि तो नुसता वाट बघायला लागला. शांतपणे. त्यालाही माहीत होतं की माणसाला श्वास घ्यावाच लागतो.

मी नाकानं हळूच, कुणाला न कळता घ्यायचा प्रयत्न केला. नाक रडण्यानं चोंदलेलं होतं. दिवे पिवळे पडले, रांगा हलायला लागल्या, आणि मी मनात नको, नको म्हणत असतानाच माझं तोंड आपोआप उघडलं आणि एक मोठा, भरलेला, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असा श्वास आत गेला.

त्या श्वासावर तिघंही सुरू झाले. वाकडीचा आवाज पुरता परत आला होता.